हृदय तुझ्यामुळे बिघडलं नाही

मंगळवार, ४ मार्च

प्रिय खडू,

पाकिटावर माझं अक्षर बघून घाबरू नकोस. मी जिवंत आहे, आणि हे कोणी समोर बसून लिहवून घेतलेलं नाही. फोन तुझ्या मामीकडे आहे. डॉक्टरांनी ताण नको म्हटलं, तेवढ्या एका वाक्याच्या बळावर तिनं माझा फोन, दाराची किल्ली आणि कपाटातली पुस्तकं ताब्यात घेतली. पुस्तकांनीही म्हणे ताण येतो. ती माझ्या सेवेला येऊन राहिली आहे. दुपारी जेवून आडवी झाली की घोरायला लागते, तेवढा वेळ माझा. कारखान्यातली कात्री मला बघायला येते. (ती कापड बेतते आणि माणसांनाही, म्हणून ते नाव.) ती हे पत्र पेटीत टाकेल.

मुद्दा आधी सांगते. तेवीस तारखेच्या रविवारी तू माझ्या घरी येणार आणि तिथून तुझा नवरा तुला परत घेऊन जाणार, असं इथं ठरलं आहे. ठरवणारे तुझा मामा, तुझी मामी आणि आमचे जावईबापू. तू मामाला फोनवर म्हणालीस, "आईसाठी जाते." असं मामा सांगतो. सांगताना त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. त्याचं खरं असतं, त्याला लगेच येतं.

खडू, जाऊ नकोस.

इथं माझ्या हृदयाची एक कहाणी तयार झाली आहे, ती तुझ्यापर्यंत आली असेलच. मुलीनं नवऱ्याचं घर सोडलं, आईच्या कानावर गेलं, आईचं काळीज जागच्या जागी फाटलं. ऐकायला छान आहे. भेटायला येणारा प्रत्येक जण खुर्ची पुढे ओढतो, माझा हात हातात घेतो आणि ती कहाणी मलाच सांगतो. हात घामट असतात. "शेवटी आईचं काळीज," असं म्हणून बिस्किट उचलतात. मला शिसारी येते. माझ्या छातीत काय झालं ते बिस्किटाबरोबर चघळायला त्यांना हवं आहे.

इस्पितळात मला आधी वाटलं, हा साधा हार्ट अटॅक. तिथल्या डॉक्टरांनी नळी घालून तपासलं तर रक्तवाहिन्या स्वच्छ निघाल्या. बिघडला होता तो हृदयाचा स्नायू. त्याचं खालचं टोक आकसायचं विसरलं होतं आणि फुग्यासारखं फुगलं होतं. पडद्यावर त्याचा आकार मडक्यासारखा दिसला, मान अरुंद आणि पोट मोठं. तिकडे दूर कुठल्या देशात समुद्रातले ऑक्टोपस पकडायला तसं मडकं वापरतात म्हणे, त्यावरून त्या दुखण्याचं नाव पडलं आहे. मोठा धक्का बसला की असं होतं, बहुतेक वेळा बायकांना होतं, आणि काही आठवड्यांत आपोआप सुधारतं. डॉक्टरांनी विचारलं, काही धक्का बसला होता का? माझ्या तोंडावर मास्क होता. उत्तर देणारे पुष्कळ होते.

मी पडले तेव्हा बाहेर होते, एका कामासाठी. एवढंच सध्या पुरे.

तुझ्यावर मी रागावलेली नाही. तू माझ्यावर आहेस, ते मला माहीत आहे.

तुझी आई


शनिवार, ८ मार्च

प्रिय खडू,

उत्तर नाही. कात्री म्हणते पत्र परत आलं नाही, म्हणजे पोचलं. ती म्हणाली, "पोर वाचत असेल हो, वाचून कुठं लगेच ओरडतात माणसं." बरं.

आज जावईबापू आले होते. रोज येतात. आल्यावर आधी हात धुतात, मग त्या बाटलीतला वास येणारा जेल चोळतात आणि मग माझ्या कपाळावर हात ठेवतात. "आई, कसं वाटतंय?" त्यांचा तो 'आई' शब्द मला घशात अडकलेल्या केसासारखा वाटतो. मामी लगेच उठून पेला आणते. पेल्यात कोमट पाणी, पाण्यात दोन चमचे हिरवी पावडर. जावईबापू स्वतःच्या हातानं ढवळतात आणि स्वतःच्या हातानं माझ्या तोंडाला लावतात.

त्या पावडरीची चव तुला सांगायला नको. तू ती रोज सकाळी वजनकाट्यावर उभी राहून प्यायचीस. बंद पडलेल्या तळ्याच्या काठावर माशांची टोपली उपडी केली की जो वास येतो, तो वास. पेल्याच्या काचेला ती चिकटते, खरवडून काढावी लागते. मामी तिच्या बोटानं काढते आणि म्हणते, "वन्सं, हा तळाचा गाळ म्हणजे खरं सत्त्व." आणि ते बोट माझ्या ओठांकडे येतं. मी काल दात मिटून घेतले. त्यावर, "ताण घेऊ नका हो."

मामी स्वतः ती पीत नाही. तिला पित्त होतं. विकते मात्र. विक्रीच्या साखळीत जावईबापूंच्या खाली मामी आहे आणि मामीच्या खाली तिच्या भिशीतल्या बायका. प्रत्येकीनं डबे घ्यायचे आणि पुढे दोघीतिघींच्या गळ्यात मारायचे.

तू मला मागच्या वर्षी म्हणाली होतीस, "तू त्याची पावडर पितेस म्हणजे तू त्याच्याच बाजूची." मी म्हटलं, तसं नाही गं. जावई घरी आले की आधी स्वयंपाकघरात जाऊन डबा हलवून बघायचे, किती कमी झाला ते. कमी झालेला नसला की तोंड एवढंसं करायचे, आणि ते तोंड घेऊन तुझ्या घरी जायचे. ते तोंड तुझ्यासमोर जाऊ नये म्हणून मी प्यायचे. काही दिवस मोरीत ओतून बघितलं. पण मोरी हिरवी झाली आणि वास सगळ्या जिन्यात. मग प्यायलेलं बरं वाटलं. मुलीच्या घरची शांतता मी चमच्यानं ढवळून पीत होते, अशी माझी समजूत. तू मला पिताना पाहिलंस, कशासाठी ते पाहिलं नाहीस. मी सांगितलंही नाही.

नंतर माझं वजन उतरलं. भरभर उतरलं. भूक तर राक्षसासारखी, चार पोळ्यांच्या जागी सहा खायचे, तरी कपडे अंगावरून गळायला लागले. हात कापायचे. कारखान्यात सोफ्याच्या कव्हरांना मी इतकी वर्षं कडेची पायपिंग लावते, दोरीसारखी सरळ जायची माझी शिवण. ती वेडीवाकडी जायला लागली. सुईत दोरा जाईना. सगळ्यांना थंडी वाजायची तेव्हा मी पंख्याखाली बसायचे. छातीत सारखं कोणीतरी धावत असायचं. कात्री म्हणाली, "तुझे डोळे असे काय दिसतात, कोणी चिमटा काढल्यासारखे?" बाकी सगळे म्हणाले, नवरा गेल्याचं दुःख. दोन वर्षं झाली तरी झुरते बिचारी.

मलाही आधी तसंच वाटलं. पण खडू, दुःख मी ओळखते. तुझे बाबा गेल्यापासून ते माझ्याबरोबर आहे, आणि ते धावत नाही. ते बसून असतं. रात्री झोपताना "दार लागलं का?" असं मी अजूनही मोठ्यानं विचारते आणि मग स्वतःच उठून बघते. विचारणाऱ्यानं उठायचं नाही हा त्यांचा नियम होता, आता दोन्ही कामं माझ्याकडे आली. ते माझं दुःख. त्यानं हात कापत नाहीत.

जावईबापू मात्र खूश. त्यांनी माझा फोटो काढला. 'आधी' आणि 'नंतर'. 'वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी माझ्या सासूबाईंनी करून दाखवलं.' तू तो बघितला असशील. आता तो फोटो कुठे दिसत नाही म्हणे. मी इस्पितळात गेले त्याच दिवशी गेला.

मामीनं कूस बदलली. थांबते.

तुझी आई


शुक्रवार, १४ मार्च

प्रिय खडू,

हे पत्र नीट, सावकाश वाच.

मंगळवारी पुन्हा तपासणीला गेले. इस्पितळातले डॉक्टर रजेवर होते, त्यांच्या जागी दुसरे होते. वयस्कर, बोलायला फटकळ, दाढी अर्धवट केलेली. मामी बरोबर होतीच. त्यांनी हृदयाचा फोटो बघितला आणि म्हणाले, आकार जवळजवळ परत आलाय. मग माझ्याकडे बघत बसले. म्हणाले, हात पुढे करा, बोटं पसरा. माझ्या बोटांवर त्यांनी एक कोरा कागद ठेवला. कागद असा थरथरायला लागला, जणू खाली उंदीर असावा. मग एक पेला दिला, पाणी प्या म्हणाले, आणि मी गिळत असताना माझ्या गळ्याकडे बघत राहिले. मागे उभे राहून गळा चाचपला. त्यांचे हात कोरडे आणि थंड होते. इतक्या दिवसांत कोणी हात लावला आणि किळस आली नाही, असं पहिल्यांदाच झालं.

विचारलं, काय काय घेता? मी गोळ्या सांगितल्या.

"घरचं काही? काढा, चूर्ण, पावडर?"

मामी म्हणाली, "काही नाही हो."

मी म्हटलं, "घेते. वर्षाच्या वर झालं."

मामीनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी भर रस्त्यात पदर टाकला.

रक्त घेतलं. डबा आणायला सांगितलं. तो कात्रीनं पोचवला, मामीला म्हणाली, मलाही डबा घ्यायचा आहे, नमुना दाखवा. मामीनं कौतुकानं दिला.

काल उत्तर मिळालं. गळ्यात एक ग्रंथी असते, थायरॉइड. अंगातला सगळा कारभार कोणत्या वेगानं चालायचा ते ती ठरवते. माझी बेफाम सुटली होती. त्यात गाठी आहेत, त्या जुन्याच असाव्यात, निमूट बसलेल्या. ती पावडर म्हणजे समुद्रातलं शेवाळ, आणि शेवाळात आयोडीन. मिठातून चिमूटभर पोटात जातं ते हवंच. हे घमेल्यानं चाललं होतं. गाठींना आयतं खाद्य मिळालं. वजन, भूक, घाम, थरथर, डोळे, छातीतली पळापळ, सगळं तिचं. अशा अंगात हृदय आधीच दमलेलं असतं. एरवी माणूस ज्या धक्क्यानं नुसता मटकन खाली बसेल, त्यानं याचा स्नायू फुगतो. डॉक्टर म्हणाले, "घर रॉकेल शिंपडून ठेवलं होतं. काडी कुठलीही चालली असती."

मी विचारलं, सगळं पावडरीमुळेच का? ते म्हणाले, शपथेवर सांगता येणार नाही. गाठी पावडरीशिवायही बिघडतात. पण एक चमचाही आता पोटात जाता कामा नये, आणि या गोळ्या वेळच्या वेळी. आणि फटकन म्हणाले, "कोणी दिली ही? त्याला काही कळतं का?" मी म्हटलं, जावयानं. त्यावर ते गप्प झाले. जावई म्हटल्यावर सगळेच गप्प होतात. डॉक्टरसुद्धा.

घरी येऊन मी सांगितलं. मामा म्हणाला, डॉक्टर लोकांना औषधं खपवायची असतात. जावईबापू हसले. पुष्कळ वेळ हसले. म्हणाले, "आई, निसर्गाचं काही बाधतं का? विष पण निसर्गातलंच असतं म्हणाल आता." मी तेच म्हणणार होते. माझ्या तोंडातलं काढून घेतलं त्यांनी.

तर हे असं आहे. तू घर सोडलंस आणि माझं काळीज फाटलं, हे खोटं आहे. तू येऊ नकोस.

तुझी आई


रविवार, १६ मार्च

प्रिय खडू,

मागचं पत्र गेल्यावर मला स्वस्थ बसवेना. तू माझी मुलगी आहेस, तू विचारणारच: रॉकेल कळलं, पण काडी कोणती? ती मीच ना?

मी लिहिलं होतं, मी बाहेर होते, एका कामासाठी. ते काम सांगते. सांगायची लाज वाटते म्हणून टाळत होते.

जावईबापूंची सभा होती. बसस्टँडच्या मागच्या त्या हॉलमध्ये, जिथं एरवी सेल लागतात. प्लास्टिकच्या खुर्च्या, समोर स्टेज, दारातच टेबलावर हिरव्या डब्यांचा ढीग आणि ढिगामागे तुझी मामी. मला त्यांनी आठवडाभर आधी सांगितलं होतं, आई, तुम्ही फक्त दोन मिनिटं उभ्या राहा, काही बोलू नका. मी नको म्हटलं. त्यावर म्हणाले, हिचं आणि माझं सध्या जरा बिनसलंय, तुम्ही आलात तर तिलाही बरं वाटेल. मी विश्वास ठेवला. आणि दुसरंही लिहून टाकते. त्यांनी म्हटलं होतं, "आई, तुम्ही आता तिची मोठी बहीण दिसता." ते मला गोड वाटलं होतं. नवी साडी नेसले मी.

त्यांनी मला स्टेजवर नेलं, दिव्यांखाली. घाम फुटला. मागच्या पडद्यावर 'आधी'चा फोटो आला, भिंतीएवढा. मी वळून पाहिला. आपण तिघं त्या तलावावर गेलो होतो, तू काढलेला तो. मी जाडी, तोंड उघडं टाकून हसत होते. शेजारी तुझे बाबा होते. त्यांनी बाबांना कापून टाकलं होतं. नीट कापलंही नव्हतं. माझ्या खांद्यावर बाबांची चार बोटं राहिली होती. एकेक बोट माझ्या डोक्याएवढं. पहिल्या बोटाचं नख मशीनमध्ये सापडून चिरलेलं होतं ना, ती चीरसुद्धा दिसत होती.

जावईबापू माइकवर म्हणाले, "बघा, आईंनी किती ओझं मागे टाकलं." टाळ्या वाजल्या.

मी त्या बोटांकडे बघत होते. ओझं. लोक टाळ्या वाजवत होते आणि मला कळत होतं की यात मीही आहे, नवी साडी नेसून इथं उभी राहिले आहे. पोटातून किळस उसळून वर आली. तशी किळस मला आयुष्यात आली नव्हती, तुझ्या बाबांच्या आजारपणात सगळी घाण काढतानाही नाही. ती गळ्यापर्यंत आली आणि तिथून खाली छातीत उतरली, आणि कोणीतरी आतून मूठ आवळली. जबडा दुखायला लागला. श्वास मिळेना. मी त्यांची बाही धरली. त्यांनी माइकवर सांगितलं, "आई भावुक झाल्यात." पुन्हा टाळ्या. टाळ्या चालू असताना मी खाली बसले आणि मग आडवी झाले.

तू त्या सकाळी घर सोडलंस हे त्यांना इस्पितळाच्या व्हरांड्यात कळलं, तुझा मेसेज वाचून. तोवर माझ्या छातीला वायरी लागल्या होत्या. मला पडद्याआडून त्यांचा आवाज ऐकू आला. आधी ते शिव्या देत होते, हळू आवाजात. मग एकदम थांबले. मग डॉक्टरांना म्हणाले, "यांच्या मुलीनं आज घर सोडलं, तेच मनाला लागलं असणार." मामी शेजारी उभी होती. हॉलमध्ये असलेली मामी. ती म्हणाली, "काळीजच फाटलं हो."

मला तुझी बातमी अशी कळली, पडद्याआडून, मास्क लावलेला असताना. आणि तुला खरं सांगू? मला बरं वाटलं. म्हटलं, सुटली. मी पडल्यावर तू सुटलीस ते कळलं, आधी नाही. त्यामुळे तू काडी असूच शकत नाहीस. हे मी मामाला सांगितलेलं नाही, कारण तो म्हणेल गोळ्यांनी डोकं फिरलं.

तू मला काट्याबद्दल सांगितलं होतंस. रोज सकाळी उभं करतो, आकडा लिहितो, वाढला तर बोलत नाही. मी म्हटलं होतं, काळजी घेतो गं. आता ते वाक्य आठवलं की त्या पेल्यातला गाळ तोंडात आल्यासारखं वाटतं.

तुझी आई


गुरुवार, २० मार्च

खडू,

घाईत. पावडर मी बंद केली आहे. परवा मामीनं पेला आणला तेव्हा मी तो तिच्या हातात ठेवून म्हटलं, "वहिनी, तुम्ही आधी एक घोट." पेला माघारी गेला.

गोळ्यांनी फरक पडतोय. छातीतली पळापळ कमी झाली. डॉक्टर म्हणतात ग्रंथी ताळ्यावर यायला महिने लागतील, पण हृदयाला आता आडोसा मिळाला आहे.

रविवारची तयारी जोरात आहे. मामा म्हणतो, ती आली नाही तर तुझं काय होईल या विचारानंच त्याला झोप नाही. जावईबापू म्हणतात, आईंच्या जिवाचा प्रश्न आहे, तिला कळायला हवं. ते तुला रोज फोन करून हेच सांगत असणार. मी मामाला म्हटलं, माझा जीव माझ्याकडे आहे, मला विचारा. त्यानं माझ्या डोक्यावरून हात फिरवला.

तू काय ठरवलं आहेस मला माहीत नाही. चार पत्रं गेली, तुझा शब्द नाही. जबरदस्ती नाही. पण हे लक्षात ठेव, तू उंबऱ्यात दिसलीस तर मला धक्का बसेल, आणि आता डॉक्टरांनी धक्का नको म्हटलं आहे.

आई


सोमवार, २४ मार्च

प्रिय खडू,

काल काय झालं ते लिहिते.

सकाळपासून सगळे पुढच्या खोलीत. मला मधल्या खुर्चीवर बसवलं, पाठीला उशी. मामानं टेबलावर माझ्या जिभेखालच्या गोळ्या, पाण्याचा तांब्या आणि ॲम्ब्युलन्सचा नंबर मोठ्या अक्षरात लिहून मांडून ठेवला होता. जावईबापूंनी इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि गाडी धुवून आणली होती. मामीनं खिडकीचे पडदे बदलले. मुलगी बघायला येणार असल्यासारखं घर.

दहा वाजले, अकरा वाजले. गाडीचा आवाज आला की मामी खिडकीशी. मामा तुला फोन लावत होता, तू उचलत नव्हतीस. बारा वाजून गेले. आणि मग खडू, मी काय पाहिलं सांगू? सगळे दाराकडे बघायचं सोडून माझ्याकडे बघायला लागले. तोंडाकडे नाही, छातीकडे. दूध उतू जाईल म्हणून भांड्याकडे बघतात तसे. मामाचा चेहरा घाबरलेला होता, त्याचं खरं आहे. मामी नुसती बघत होती. जावईबापू मात्र वाट बघत होते. मी त्यांच्या शेजारी बसले होते, मला दिसत होतं. मी पडले असते तर तू संध्याकाळपर्यंत आली असतीस, आणि पुन्हा कधी हलली नसतीस. त्यांना मी पडायला हवी होते. एवढ्या इस्त्रीच्या शर्टात हे मावतं कसं, याचं मला नवल वाटलं.

शेवटी ते खुर्ची ओढून माझ्यासमोर आले, हात हातात घेतला, आणि त्यांच्या त्या आवाजात म्हणाले, "आई, मन घट्ट करा. ती येत नाहीये."

मी हात काढून घेतला आणि साडीला पुसला. म्हटलं, "बरं झालं. मला भूक लागली आहे."

मामाला वाटलं मला भ्रम झाला. तो नंबर लावायला उठला. मी म्हटलं, दादा, बस, आणि मी काय सांगते ते ऐक. मी हॉलचं सगळं सांगितलं. तुला लिहिलं तसंच, बोटांसकट. जावईबापू मध्ये मध्ये म्हणत होते, आईंना गोळ्यांनी भास होतात. मामानं त्यांच्याकडे पाहिलं नाही. त्यानं मामीकडे पाहिलं.

"तू तिथं होतीस?"

मामी म्हणाली, "मी दारात होते हो. डबे सांभाळत होते."

"ही पडली तेव्हा?"

मामी उठून खिडकीचा पडदा सरळ करायला लागली. मामाला रडू येईल असं मला वाटलं होतं, त्याला लगेच येतं. ते आलं नाही. त्यानं ॲम्ब्युलन्सच्या नंबराचा कागद घडी करून खिशात घातला. मग जावईबापूंना म्हणाला, "तुमची गाडी गल्ली अडवून उभी आहे." एवढंच. एवढं तो आयुष्यात कधी कोणाला बोलला नव्हता.

ते गेले. जाताना पाया पडायला वाकले होते. मी पाय खुर्चीवर घेतले.

मामी आज सामान बांधते आहे. माझ्याशी बोलत नाही. मामा तिला न्यायला येईल की नाही ते दोघांनाही माहीत नाही. त्याबद्दल मला आनंद नाही, आणि वाईटही वाटत नाही.

काल मी पोटभर जेवले. जेवताना कोणी बघत नव्हतं, तरी मी छातीवर हात ठेवून पाहिलं. चालू होतं. गोळीनं हळू झालेलं, पण नेटकं.

तू आली नाहीस. माझी पत्रं वाचून आली नाहीस, की माझ्यावरच्या रागानं आली नाहीस, हे मला कळायला मार्ग नाही. रागानं असलं तरी चालेल. तू आली नाहीस आणि मला काही झालं नाही, हे सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलं.

इथली खोली तुझीच आहे. वाटेल तेव्हा ये, नाही वाटलं तर नको. फक्त मला बरं नाही असं कोणी सांगितलं म्हणून येऊ नकोस.

तुझी आई